नाझरसाहेबांचा मुद्देमाल

निजामाची सत्ता १९४८ साली लयास गेली आणि १९५९ मध्ये त्याच्या रुपयाचे चलनही संपुष्टात आले. तथापि सात हाली (निजामी) रुपये म्हणजे सहा कलदार (भारतीय) हा हिशेब ज्यांना अद्यापि मुखोद्गत आहे, अशी एक जमात नांदेड-लातुराकडे सुखेनैव नांदत आहे. जुने नाणे दृष्टीस पडले की पदरचे पैसे मोजताना या जमातीचा हात कधी आखडत नाही. परंतु त्याच नाण्याचे छायाचित्र काढण्याकरिता कॅमेरा स्थिर धरणारे साधन बाजारातून विकत आणणे, ही मात्र तिच्या लेखी अक्षम्य उधळपट्टी होय. नांदेडच्या वजिराबादेत वास्तव्य करणारे आमचे नाझरसाहेब हे या जमातीचे अग्रणी.

दिवाणी न्यायालयाच्या नझारतीत उभी हयात गेल्यामुळे त्यांच्या दृष्टीने नाणे हा मुद्देमाल आणि छायाचित्र हा त्याचा पंचनामा. आणि पंचनाम्यात संदिग्धता राहिली तर दावा बुडतो, हे तत्त्व ते सेवानिवृत्तीनंतरही विसरलेले नाहीत. निजाम मीर उस्मान अली खानांच्या चारमिनारी रुपयावर कमानीच्या आत 'ऐन' हे अक्षर असते, त्यांच्या वडिलांच्या रुपयावर त्याच जागी 'मीम' असते. आणि उस्मान अलींच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या रुपयांवरील ते ऐन अर्धे आहे की पूर्ण, यावर नाण्याची प्रतच काय, संग्राहकाची प्रतिष्ठाही अवलंबून असते. सुमारे तीस मिलिमीटर व्यासाच्या रुपयावरील हे तिळाएवढे अक्षर स्वच्छ उमटावयाचे, तर कॅमेरा नाण्याच्या बरोबर माथ्यावर, काटकोनात आणि निश्चल असावा लागतो. तसा तो ठेवणारा खांब दोन हजारांच्या आत घरपोच मिळतो, असे चिरंजीवांनी सुचविले, तेव्हा नाझरसाहेबांनी तो अर्ज तत्काळ खारीज केला.

प्रथम घरातील तिपाई कामास लावण्यात आली. तिचा मधला दांडा काढून उलटा बसविला, तर कॅमेरा डोके खाली करून तिन्ही पायांच्या मधोमध लोंबकळू लागला आणि प्रत्येक रुपयावर एका पायाची सावली पडू लागली. दांडा आडवा केला, तर कॅमेऱ्याच्या भाराने सगळी तिपाईच पुढे झुकू लागली. तेव्हा मागच्या टोकास प्रतिभार म्हणून तूरडाळीची पिशवी टांगण्याचा हुकूम सुटला. डाळ अस्सल लातूरची असल्याने ती तिपाईपेक्षा स्वयंपाकघरास अधिक आवश्यक होती. परंतु जप्त मालाची सोडवणूक रीतसर अर्जावाचून होत नसल्यामुळे त्या घरी आठवडाभर पिठल्यावर निभावले.

काटकोन साधण्याची त्यांची युक्ती मात्र शास्त्रशुद्ध आहे. नाण्याच्या जागी आरसा ठेवावयाचा आणि कॅमेऱ्यातून पाहावयाचे. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की कॅमेरा सरळ झाला असे समजावे. हा आरसा सूनबाईंचा, प्रकाश पाडणारे दोन दिवे नातवाच्या अभ्यासाचे, आणि तो प्रकाश मवाळ करणारा बटर पेपर कोपऱ्यावरील बेकरीचा. नाझरसाहेबांच्या मते एकूण खर्च शून्य. पंख्याच्या कंपाने चित्र हलते म्हणून भर मे महिन्यात पंखा तहकूब होतो, बोटाचा धक्का लागू नये म्हणून दहा सेकंदांचा टायमर लागतो, आणि त्या अवधीत घरातील कोणी चालू नये, असा दंडक आहे. 'अहो, श्वास घ्यायला तरी परवाना हाय का?' या सौभाग्यवतींच्या पृच्छेवर त्यांनी हाताने थांबण्याची खूण केली, कारण सातवा सेकंद चालू होता.

लातूरचे त्यांचे प्रतिपक्षी निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांनी गंजगोलाईकडील एका भंगारवाल्याकडून बंद पडलेल्या स्टुडिओतील एन्लार्जर किलोच्या भावाने मिळविला, वरची दिव्याची पेटी काढून टाकली आणि पाव इंची, इंचाला वीस आटे असलेल्या स्क्रूने तेथे कॅमेरा कसला. भक्कम लोखंडी पाट, सरळ खांब, चक्री फिरविताच रेसभर वर-खाली होणारा कॅमेरा! नाझरसाहेबांना ही वार्ता फोनवरून कळली, तेव्हा त्यांनी एवढाच अभिप्राय दिला की, भंगारवाल्यास पैसे दिले म्हणजे ती खरेदीच झाली. यात कर्तृत्व ते काय?

गुरुजींनी मोठ्या मनाने हा ठपका मान्य केला आणि विनाखर्च उभारलेल्या त्या तिपाईचे एक स्पष्ट छायाचित्र पाठवावे, अशी नम्र विनंती केली. नाझरसाहेब कृतकृत्य झाले. परंतु तिपाईचे छायाचित्र काढावयाचे, तर त्यासाठी दुसरा कॅमेरा आणि तोही तितकाच स्थिर हवा. हातात धरून काढलेला पंचनामा ते ग्राह्य धरीत नाहीत. सबब दुसऱ्या तिपाईची सिद्धता चालू आहे, आणि या वेळी सौभाग्यवतींच्या ताब्यातून हरभराडाळीचा डबा तपासासाठी मागविण्यात आला आहे.