लिंबू सोडून सगळं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिंबाच्या जातीची अठरा झाडं आहेत आणि त्याच घरात पोह्यांवर पिळायला लिंबू नसतं. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. परवाच काकू हातात झारा घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. "अर्धं लिंबू असेल का हो? पोहे झालेत, पाहुणे बसलेत, आणि आमच्याकडे..." वाक्य पुरं करायची गरज त्यांनाही वाटली नाही, मलाही नाही.

काकांना सोसायटीतली पोरं लिंबूकाका म्हणतात. हे नाव त्यांना पसंत नाही. लिंबू हा शब्दच त्यांना अपुरा वाटतो, ते 'लिंबूवर्गीय' म्हणतात. जुनी नाणी जमवणाऱ्याकडे रिक्षासाठी सुटे मागितले तर तो जसा बघेल, तसे ते लिंबू मागणाऱ्याकडे बघतात. "कागदी लिंबू? ते भाजीवालीकडे मिळतं की!" जे भाजीवालीकडे मिळतं ते लावायचं कशाला, या पायावर त्यांची अख्खी बाल्कनी उभी आहे.

असा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक मोठ्या सोसायटीत सापडतो. पन्नाशी उलटलेली असते, आधी अडेनियम होऊन गेलेलं असतं, ऑर्किडनं हात पोळलेले असतात. आमच्या काकांचा घात एका नर्सरीत झाला. तिथे 'चायनीज ऑरेंज' नावाचं, गोट्यांएवढ्या नारिंगी फळांनी लगडलेलं झाड त्यांनी घेतलं. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की नर्सरीवाला ज्याला 'कुमक्वाट' म्हणत होता ते कुमक्वाट नव्हेच, ते कॅलमोंडिन. आयुष्यात प्रथमच एखाद्या विषयात दुकानदारापेक्षा आपल्याला जास्त कळतं, हा शोध त्यांना लागला. माणूस दारूतून सुटतो, यातून सुटत नाही.

पुढचं प्रत्येक झाड घरात आणायला काकूंची मंजुरी लागायची. काकांनी सुरुवात मोठ्या धूर्तपणे केली. "कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात काय असतं, सांग बरं? महाळुंग. आपल्या घरात नको?" देवीचं नाव निघाल्यावर काकू काय बोलणार! महाळुंग आलं. त्याच्या मागोमाग 'बुद्धाचा हात' आला. हेही महाळुंगाचंच भावंड, फक्त फळाला बोटं फुटलेली असतात. आत गर नाही, रस नाही, नुसती सुवासिक साल. "म्हणजे यात पिळायला काहीच नाही?" काकूंनी विचारलं. "हेच तर त्याचं वैशिष्ट्य!" काका म्हणाले. एका देवीनंतर एक बुद्ध आल्यामुळे काकूंना धर्माच्या बाजूनंही हरकत घेता येईना.

मग रांगच लागली. कोलकात्याला लग्नाला गेले ते गंधराज मांडीवर घेऊन परतले. लग्न कुणाचं होतं ते आता त्यांना आठवत नाही. पानाला पान जोडल्यासारखं दिसणारं थाई लिंबू आलं. त्याला कुणी 'काफिर लाइम' म्हटलं की ते ताडकन सांगतात, "ती शिवी आहे, मक्रुत म्हणा." ऑस्ट्रेलियाचं फिंगर लाइम आलं. त्याचा गर साबुदाण्यासारखा दाणेदार असतो म्हणे. म्हणे अशासाठी की अजून त्याला फूलही आलेलं नाही. मेघालयात गारो टेकड्यांवर नोक्रेकला लिंबूवर्गीय रानझाडांसाठी राखलेलं जंगल आहे. "काशी झाली, रामेश्वर झालं, नोक्रेक तेवढं राहिलंय," असं ते म्हणतात तेव्हा काकू देवघरात निघून जातात.

त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी बाल्कनी. पाहुण्याच्या हातात एक चुरगाळलेलं पान दिलं जातं आणि काका त्याच्या चेहऱ्याकडे पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखं बघत राहतात. "वा, लिंबासारखा वास येतो!" असं म्हणणारा नापास. माझ्या मेहुण्याला कुणीतरी आधी पढवून ठेवलं असावं. त्यानं डोळे मिटून, "यात किंचित गवती चहा..." एवढं म्हटलं, तर त्याला पेरूच्या जेलीची बाटली मिळाली. (लिंबाचं सरबत मिळालं नाही, हे सांगायला नकोच.)

कुंडीत झाड वाढवणं सोपं नसतं, हे मात्र मान्य करायला हवं. बोअरच्या जड पाण्यानं पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात. उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन कुंडीचा तवा करून टाकतं. म्हणून काकांनी चाकांच्या चौक्या केल्या आहेत आणि दिवसभर ते झाडांना बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत असतात. या बाबतीत त्यांचा आदर्श फ्रान्सचा चौदावा लुई. वर्सायच्या राजवाड्यात त्यानं संत्र्यांच्या झाडांसाठी १६८४ ते १६८६ च्या दरम्यान खास दालन बांधून घेतलं. पेट्यांमधली हजारावर झाडं आजही हिवाळ्यात तिथे आत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. सोसायटीच्या सभेत जिन्याच्या वळणावर चार कुंड्या ठेवायची परवानगी मागताना काकांनी हा दाखला दिला होता. सेक्रेटरी म्हणाले, "लुईला फायर ऑडिट नव्हतं."

एका डिसेंबरात त्यांनी झाडांना 'ताण' दिला. विदर्भातले बागाइतदार आंबिया बहार धरण्यासाठी पाणी तोडतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलून येतं, हे त्यांनी वाचलं होतं. शेतातल्या झाडाची मुळं कुठल्याकुठे गेलेली असतात आणि आपल्या झाडाला रंगाची बादलीच काय ती जमीन आहे, हा फरक ध्यानात येईतो दोन झाडांची पानं झडली. "ताण नक्की कुणाला द्यायचा होता?" काकूंनी तेव्हा विचारलं होतं.

माझं आणि त्यांचं एकदाच वाजलं, तेही कढीपत्त्यावरून. आमच्या खिडकीत एका फुटक्या डब्यात कढीपत्ता आहे. त्याला मी वर्षभरात भांडं विसळलेल्या पाण्यापलीकडे काही घातलेलं नाही आणि तो ग्रिलच्या बाहेर वाढला आहे. काका खाली आले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "तो काढा. तो आमच्यातलाच आहे." कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. लिंबावरचं फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालतं आणि मग तिथून वरच्या मजल्यावर जातं, असा आरोप होता. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यातून दुभंगलेलं नारिंगी शिंग काढून वास सोडते. काकांना ती मारवत नाही. चिमट्यानं उचलून ते ती डब्यात ठेवतात आणि संध्याकाळी टेकडीवर फिरायला जाताना सोडून येतात. अळ्यांना हवापालट घडवणारा माणूस भांडायला आला की भांडणात राम राहत नाही. कढीपत्ता आहे तिथेच आहे.

बाल्कनीतला मुकुटमणी होता मेयर. फ्रँक मेयर नावाच्या माणसानं १९०८ साली चीनमधून अमेरिकेत नेलेलं हे पातळ सालीचं, किंचित गोडसर लिंबू. काकांनी त्याचं कलम दुरून मागवलं होतं. बाकीची झाडं कण्हत-कुंथत असताना मेयर चार वर्षांत छतापर्यंत गेला. काटे चांगले बोटभर. अखेर त्याला सात फळं धरली. ती पिकू लागली तशी साल जाड, खडबडीत, फोड आल्यासारखी दिसू लागली. "हवामानाचा परिणाम," काका म्हणाले. पण त्या दिवसांत ते कुणाला पान चुरगाळायला देत नव्हते.

दिवाळीला वरुडहून काकूंचा धाकटा भाऊ आला. घरची संत्र्याची बाग असलेला माणूस. बाल्कनीत गेला, मेयरपाशी वाकला, बुंध्याजवळची माती अंगठ्यानं सारली आणि एक वाळलेला, करंगळीएवढा खुंटारा दाखवला.

"भाऊजी, हे तं जंबेरी आहे. तुमचा डोळा कवाच मेला. चार वर्षं तुम्ही खुंटाले पाणी घातलं."

संत्र्याचा डोळा ज्या रानवट झाडावर भरतात, ते जंबेरी. कलमाखालून फुटलेले कोंब वेळीच काढले नाहीत तर ते वरच्या पाहुण्याला खाऊन टाकतात. काकांनी ते काढले नव्हते. उलट जोरात फुटताहेत म्हणून त्यांचे फोटो काढले होते.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर परत द्यायला वर गेलो तर पोहे झाले होते. काकू मला काही न विचारता बाल्कनीत गेल्या, एक खडबडीत फळ तोडून आणलं, कापलं आणि चार बशांवर पिळलं. नऊ वर्षांत त्या घरच्या पोह्यांवर पहिल्यांदा घरचं लिंबू पडत होतं. भरपूर रस निघाला. आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. त्यांनी एक घास घेतला, चघळला, डोळे बारीक केले. मग एकदम हात पुढे करून म्हणाले,

"अगं, बिया टाकू नकोस. खुंट करायला होतील."