परतीचा कंपनी-प्रवासी

कंपनी-प्रवासी कंपनीच्या खर्चाने जातो आणि स्वतःच्या झोपेच्या खर्चाने परततो. नवी मुंबईत तो महापे, ऐरोली, तळोजा आणि न्हावाशेवा या पट्ट्यात आढळतो. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात सात किलोंच्या आत बसवलेली चाकांची बॅग आणि खिशात कालच्या मीटिंगमधले कुणाचे तरी पेन, ही त्याची ओळखीची लक्षणे. या नोंदीसाठी नागपूरचा नमुना घेतला आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला, तेव्हा तिथून जोडलेल्या पहिल्या शहरांत नागपूर होते, आणि नागपूरकर मुंबईच्या वाहतुकीविषयी विशेष सावध असतो.

विमान सकाळी पावणेअकराचे असेल तर हा प्रवासी पाचला उठतो. हिशेब असा की, काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो. पण वेब चेक-इन आदल्या रात्रीच झालेले असते आणि बॅग हातातच न्यायची असल्याने काउंटरशी त्याचा संबंध येत नाही. बोर्डिंगचे गेट पंचवीस मिनिटे आधी बंद होते. वाशीहून पाम बीच रस्त्याने विमानतळाचे उलवे फार लांब नाही. या सगळ्याची बेरीज करून तो सव्वासहाला हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा राहतो. सायन, चुनाभट्टी, कुर्ला या मार्गाने वर्षानुवर्षे सहारचा जुना विमानतळ गाठलेल्या माणसाला बेरीज येते, पण तिच्यावर विश्वास बसत नाही. नवा विमानतळ सुरुवातीला बँकेसारखा दिवसाच, सकाळी आठ ते रात्री आठ, चालत होता. त्या काळातही पहाटेच्या गजराची सवय सुटल्याचे आढळले नाही. हॉटेलच्या भाड्यात धरलेला नाश्ता सातला सुरू होतो, म्हणून ते फुकटचे पोहे राहतात आणि तेच पोहे पुढे पैसे मोजून खावे लागतात. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर मात्र अचूक घातलेला असतो. नंबर चुकलेले बिल लेखा विभागातून परत येते.

कॅबमध्ये बसल्यावर तो ‘एअरपोर्ट’ म्हणतो. पूर्वी हा शब्द पुरेसा होता. आता चालक मागे वळून विचारतो, ‘कुठला? सहार का उलवा?’ तिकीट ट्रॅव्हल डेस्कने काढलेले असल्याने प्रवाशाला उत्तर माहीत नसते. मोबाइलवर ते उघडून एनएमआय ही तीन अक्षरे सापडेपर्यंत गाडी सिग्नलवर थांबलेली असते. ज्या शहराला स्वतःचा विमानतळ मिळायला इतकी वर्षे लागली, त्याला आता दोन विमानतळांचा घोळ परवडतो, ही प्रगतीच म्हणायची.

त्या वर्षांचा हिशेब या ठिकाणी द्यावा लागतो, कारण विमानाला वीस मिनिटे उशीर झाला तर हाच प्रवासी देशाच्या कार्यक्षमतेवर बोलू लागतो. मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाचा विचार १९९७ मध्ये सुरू झाला. २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी आली, २०१० मध्ये पर्यावरणाची, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन. म्हणजे अठ्ठावीस वर्षे. या काळात सुमारे नव्वद मीटरची उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीला दुसऱ्या वाटेने वळवण्यात आले आणि दहा गावे उठली. ३,७०० मीटरची धावपट्टी आज आहे तिथे घरे, शेते आणि खाजण होते. कॅबचा चालक त्या गावांपैकी एखाद्या गावचा असेल तर तो सांगतोही, ‘आमचं घर होतं तिकडं, रनवेच्या त्या टोकाला.’ मागचा प्रवासी ‘अच्छा’ म्हणतो आणि हॉटस्पॉट चालू करतो.

विमानतळाचे नावही त्याला बहुधा चालकाकडूनच कळते. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात, जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा प्रकल्पग्रस्तांचा हक्क त्यातूनच आला. विमानतळाला त्यांचेच नाव हवे म्हणून २०२१ मध्ये आगरी-कोळी समाजाने मानवी साखळी केली, सिडको भवनावर मोर्चा नेला. २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तसा ठरावही केला. पहिले विमान उतरले तेव्हा पाटीवर मात्र ‘नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ’ एवढेच होते. टेकडी हलवण्यापेक्षा पाटी हलवणे अवघड असते, असे यावरून दिसते.

टर्मिनलची रचना झाहा हदीद यांच्या नावाच्या वास्तुसंस्थेची, कल्पना कमळाची. छताकडे उमलत जाणारे खांब पाहायला लोक मान वर करतात. कंपनी-प्रवासी खांबाच्या पायथ्याशी पाहतो, कारण चार्जिंगचा पॉइंट तिथे असण्याची शक्यता असते. डिसेंबर २०२२ पासून देशात सुरू झालेल्या डिजीयात्रेमुळे आता चेहरा दाखवून आत जाता येते. ओळखपत्रावरच्या फोटोत आणि पाचला उठलेल्या चेहऱ्यात तफावत असते, तरी यंत्र समजून घेते. थंडीच्या दिवसांत कच्छकडून ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंना हा टप्पा अजून लागू झालेला नाही.

सुरक्षा तपासणी हा या सकाळचा सर्वांत समृद्ध भाग. येथे प्रवाशाचे पद, पगार आणि परफॉर्मन्स रेटिंग एका ट्रेमध्ये सुटे होऊन पट्ट्यावरून जाते: लॅपटॉप, पट्टा, घड्याळ, पॉवर बँक. घरच्यांसाठी काही तरी न्यावे, हा विचार त्याला नेमका आदल्या रात्री सुचलेला असतो आणि बेलापूरच्या दुकानात कोकम आगळाची अर्ध्या लिटरची बाटली मिळालेली असते. असा द्रव हातातल्या बॅगेत अडवला जाऊ शकतो, हे तो दर महिन्याला वाचतो. ‘सर, ये नहीं जाएगा,’ असे जवान शांतपणे म्हणतो. ‘ये जूस नहीं, आगळ है,’ हा प्रतिवाद टिकत नाही. आगळाऐवजी सुके खोबरे घेतले असते तरी अडचण होती. तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून तेही बंदीच्या यादीत आहे. एकूण, विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्यांनी कोकणातले स्वयंपाकघर बारकाईने अभ्यासलेले दिसते.

बाटलीचा निरोप घेऊन तो लाउंजकडे वळतो. क्रेडिट कार्डावर दोन रुपये कापले जातात आणि आत पोहे, उपमा, इडली असा फुकटचा ऐवज असतो. तो मिळवण्यासाठी वीस मिनिटांची रांग लावावी लागते. तासाला अमुक हजार रुपये दराने ज्याचा वेळ ग्राहकाला विकला जातो, तो माणूस ती रांग लावतो. रांग फारच मोठी असेल तर बाहेर चहा घेतो आणि किमतीवर संतापतो. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे सरकारी कॅफे निघाले, ही बातमी त्याने अनेकांना पाठवलेली असते. विमानतळ वापरण्याचे शुल्क तिकिटातच कापले जाते, त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तिकीट कंपनीचे असते, चहा स्वतःचा.

उरलेला दीड तास कामाचा असतो. लॅपटॉप उघडून तो फोन लावतो आणि निविदेतला दर, समोरच्या पार्टीची कमजोरी, मॅनेजरचे मत हे सारे आजूबाजूच्या चाळीस खुर्च्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगतो, वर ‘हे आपल्यातच ठेव’ असेही बजावतो. पलीकडच्या खुर्चीतला, तसलीच सॅक घेतलेला माणूस त्याच निविदेसाठी आलेला असण्याची शक्यता चांगली असते. अडचणीचा प्रश्न आला की तो म्हणतो, ‘एअरपोर्टवर आहे, आवाज तुटतोय.’ वायफाय उत्तम असलेल्या इमारतीतही हे वाक्य चालते.

बोर्डिंगची घोषणा होते. जागा क्रमांक छापलेला असूनही सगळे एकदम उठतात. तो कडेची जागा घेतो. खिडकीतून खाली खाडी, वळवलेली नदी आणि टेकडीची उरलेली बाजू दिसते, पण ती पाहण्याचे काम खिडकीपाशी बसलेल्या लहान मुलाकडे असते. मोबाइल बंद करण्यापूर्वी तो एकच मजकूर दोन ठिकाणी पाठवतो: ‘बोर्डेड.’ ऑफिसच्या ग्रुपवर चार अंगठे उमटतात. घरून उत्तर येते, ‘म्हणजे आजच येऊन राहिले का?’ तोवर फोन विमान मोडवर गेलेला असतो.