चमच्याचं स्मारक

चौतीस वर्षं एका कचेरीत कारकुनी केल्यामुळे चमचे मला नवे नाहीत. पण त्यातल्या एकाचं स्मारक बघायला दोन विमानं बदलून जावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

लेक मिनिआपोलिसला असते. ‘‘बाबा, इथं वॉकर आर्ट सेंटरचं शिल्पोद्यान आहे, फुकट आहे,’’ असं ती म्हणाली आणि माझ्यातला कलारसिक जागा झाला. संग्रहालयाला मात्र तिकीट आहे, हे तिनं तिकिटं काढल्यावर सांगितलं.

आत फ्रान्झ मार्कनं १९११ साली रंगवलेले निळे घोडे. ‘‘आपण पोळ्याला शिंगं रंगवतो, यांनी अख्खं जनावर रंगवलं,’’ ही म्हणाली. मी थबकलो ते एडवर्ड हॉपरच्या ‘ऑफिस ॲट नाइट’पाशी. साहेब टेबलाशी, बाई फायलींच्या कपाटाशी, आणि एक कागद जमिनीवर. जावईबापू एकाकीपणावर बोलत होते. माझं सगळं लक्ष त्या कागदावर. आवक-नोंदीत चढला नसणार. १९४० पासून पडलाय, आणि ऑडिटला नेमका तोच मागतील.

बाहेर काटरिना फ्रिच यांचा भलामोठा निळा कोंबडा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण हे झाकायला आमच्या सोसायटीच्या गणपतीचा मांडवही पुरला नसता.

पाय बोलायला लागले म्हणून पांढऱ्या ग्रॅनाइटच्या बाकावर टेकलो.

‘‘बाबा, ते शिल्प आहे!’’

ताडकन उठलो.

‘‘अहो, बसायचंच आहे त्यावर.’’

परत बसलो. जेनी होल्झर यांनी वाक्यं कोरलेली अशी २८ बाकं तिथं आहेत. आमच्याकडेही प्रत्येक बाकावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतंच. त्याला कला म्हणायचं तेवढं राहून गेलं.

आणि मग तळ्यावर तो दिसला. क्लेस ओल्डेनबर्ग आणि कूशे वान ब्रुगेन या नवराबायकोंनी केलेला, १९८८ पासून तिथं असलेला चमचा. वजन अडीच टनांच्या वर. टोकाला लालभडक चेरी, तिच्या देठातून पाण्याचा फवारा. चेरी बायकोला सुचली म्हणे. ‘‘म्हणजे नवरा रिकामा चमचा घेऊनच बसला होता,’’ हिनं निकाल दिला.

मी पाहतच राहिलो. कणा कमानीसारखा वाकलेला, नजर वर, आणि तोंडाशी साहेबांसाठी अलगद धरलेली चेरी. अमेरिकेत बसून या दोघांना आमच्या आस्थापना शाखेतला माणूस दिसला कुठे?

त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. भारतात पहाटेचे तीन. मिनिटभरात पहिला अंगठा उमटला, नेमका त्याचाच. मी कारकून म्हणूनच निवृत्त झालो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. खाली लिहिलं होतं, ‘‘वा, साहेब!’’