आधी नक्कल, मग अस्सल

इंग्रजी सिनेमांचे माझे संस्कार ‘द सिम्पसन्स’ने केले, आणि ते आता सुधारण्यापलीकडे गेले आहेत. १९८९ साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झालेली ही कार्टून मालिका. पिवळ्याधमक कातडीचं कुटुंब, पोट सुटलेला बाप, वाह्यात पोरगा. वरवर सगळं घरगुती. पण आत सतत कुणाची तरी टर उडवणं चालू. कधी हिचकॉक, कधी कुब्रिक. एका भागात तर चक्क एडगर ॲलन पोची ‘द रेव्हन’ ही कविता, आणि त्यातला कावळा म्हणजे तोच वाह्यात पोरगा. अमेरिकेतल्या प्रेक्षकाने मूळ पाहिलेलं असतं, म्हणून तो हसतो. आपण ते पाहिलेलं नसतं, तरी हसतो. पुढेमागे मूळ समोर आलं की आपलं हसू आवरत नाही, आणि पंचाईत होते ती तेव्हा.

‘सिटिझन केन’चंच घ्या. ऑर्सन वेल्सचा १९४१चा सिनेमा, जाणकारांनी डोक्यावर घेतलेला. मरणारा केन एक शब्द पुटपुटतो, हातातला काचेचा गोळा पडून फुटतो. सगळे गंभीर. माझ्या डोळ्यांसमोर मात्र १९९३च्या भागातला म्हातारा खडूस मिस्टर बर्न्स, आपल्या लहानपणीच्या टेडी बेअरसाठी कासावीस झालेला. शेजारून बायकोचं कोपर बसलं. “अहो, माणूस मेला तिकडे! दात काय काढताय?”

पण खरा कहर ‘केप फिअर’चा. मूळ सिनेमा १९६२चा, त्यातला खलनायक रॉबर्ट मिचम. १९९१ साली स्कॉर्सेसीने तो पुन्हा काढला, रॉबर्ट डी नीरोला घेऊन. दोन वर्षांत सिम्पसन्सवाल्यांनी आपला काढला. खलनायक साइडशो बॉब. या बॉबच्या बोटांवर गोंदलेलं असतं, एका मुठीवर प्रेम, दुसरीवर द्वेष. ही उचल मिचमच्याच ‘द नाइट ऑफ द हंटर’मधून. तिथे प्रत्येक बोटावर एक, अशी इंग्रजीतली चार-चार अक्षरं. आता कार्टूनमधल्या माणसांना अंगठा सोडून तीनच बोटं. मग दोन्ही शब्दांचं स्पेलिंग काटून तीन-तीन अक्षरांत बसवलेलं! हा विनोद निमिषभर दिसतो. ज्याने तो घातला, त्याला माझा दंडवत.

त्याच भागात बॉब दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा फाडकन तोंडावर बसतो. पुन्हा पाय, पुन्हा दांडा. असं ओळीने नऊ वेळा. कारण काय, तर भाग वेळेला कमी पडत होता! तिसऱ्या-चौथ्या वेळेला कंटाळा येतो, मग मात्र पोट धरून हसायची वेळ येते. आपल्या मालिकावाल्यांनाही वेळ भरून काढायचा असतो, पण ते सुनेचा चेहरा तीनदा दाखवतात.

तर डी नीरोचा सिनेमा पाहताना बायको जीव मुठीत धरून, आणि मी त्याच्या पायांकडे बघत.

हे खूळ आनुवंशिक असावं. अत्र्यांची १९२५ सालची ‘झेंडूची फुलें’ आमच्या वडिलांना तोंडपाठ. त्यात ज्या कवींची खिल्ली उडवली आहे, त्यांच्या मूळ कविता वाचल्यात का, असं एकदा त्यांना विचारलं.

“त्या कशाला वाचायच्या?” वडील म्हणाले. “ह्यात आल्यात की सगळ्या.”