दोन पाटे काढले त्याची गोष्ट

कॉव्हेंट्रीतल्या गॅरेजात तीन हिवाळे कुडकुडून मी एक किट कार जोडली. यात चासी आणि फायबरची बॉडी नवी येते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एखाद्या म्हाताऱ्या गाडीतून आपण उपसायचा. 1973 पर्यंत ब्रिटनमध्ये अशा सुट्या गाडीवर खरेदी कर लागत नसे, त्यातून हा नाद फोफावला. सवलत गेली, नाद राहिला.

गाडी भरली जेमतेम साडेसहाशे किलो. मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, मात्र नऊशे किलोच्या गाडीचे. पहिल्याच फेरीत ही म्हणाली, "अहो, यापेक्षा बैलगाडी बरी. बैल निदान खड्डा बघून पाय टाकतो."

कमरेचा प्रश्न घरात मोठा असतो. शनिवारी यू-बोल्ट सोडले आणि दोन्ही बाजूंच्या चार-चार पाट्यांतले दोन-दोन काढून टाकले. गाडी एकदम गादी झाली. मी दिवसभर शिट्टी वाजवत होतो.

रविवारी सिग्नल हिरवा झाला, क्लच सोडला आणि मागून जिन्यावरून पिंप गडगडत यावं तसा आवाज सुरू झाला. चाकं रस्त्यावर टपटप उड्या मारत होती. गाडी जागची हलायच्या आधी बसस्टॉपवरची माणसं हलली.

शेजारचे पेन्शनर गृहस्थ धावत आले आणि त्यांनी थेट जेम्स वॉट काढला. वॉटनं 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी दांड्यांची जी जोडणी केली, तिचा त्याला म्हणे वाफेच्या इंजिनापेक्षाही जास्त अभिमान होता. असेल. पण गाडीत ती जोडणी अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, आणि माझा अ‍ॅक्सल सरकत नव्हता, कोलांटी मारायला बघत होता.

संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होते. मोबाइल गाडीखाली धरला.

"पाटे काढलेस?"

"दोन-दोन."

"पाटा काय नुसता बसायला असतो रे? अ‍ॅक्सल कोण धरणार, तुझा सासरा?"

बरोबरच होतं. पाटा म्हणजे एका पगारात दोन टेबलं सांभाळणारा कारकून. गाडी तोलायची त्यानंच आणि अ‍ॅक्सल जागेवर ठेवायचा तोही त्यानंच. रेस दिली की चाकं पुढे फिरतात आणि अ‍ॅक्सलचं घर उलटं फिरू पाहतं. पातळ पाटा मग इंग्रजी एससारखा मुरडतो, टायर सुटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा धरतो. हे सेकंदात कितीतरी वेळा. तोच तो गडगडाट.

उपाय एक दांडा: अ‍ॅक्सलपासून पुढे चासीपर्यंत, पाट्याला समांतर. मी हाताशी होता तो आखूड दांडा बसवला. गडगडाट थांबला, पण गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटू लागली.

"पाट्याच्या पुढच्या अर्ध्याएवढा लांब घे," नाना म्हणाले. "दोघांचा झोका एक पाहिजे, नाहीतर एकमेकांना अडवतात. आणि एक-एक पाटा परत घाल."

खडूनं खूण केली, नवे दांडे कापून वेल्ड करून घेतले, पाटे परत घातले. आता सिग्नलला गाडी निमूट सुटते. थोडी कडक आहे.

"कमरेचं काय करू?" मी विचारलं.

"उशी घे."

उशी साडेचार पौंडांना मिळाली.