बारा गावचं पाणी पिणारा हेडसेट

आमच्या घरात कान दहा असले तरी हेडसेट एकच येईल, असा ठराव बायकोनं एकमतानं मंजूर केला. एकमतानं म्हणजे तिच्या एकटीच्या. कारण रास्त होतं. रात्री अकराला हॉलमध्ये हातबॉम्ब फुटत असताना तिला झोप लागत नाही. तर हेडसेट हवा, पण तो चिरंजीवांच्या पीएस-५ला चालायला हवा, कन्येच्या स्विचला चालायला हवा, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला, फोनला आणि मेहुण्याच्या एक्सबॉक्सलासुद्धा. हा मेहुणा घर बदलताना ‘आठवडाभर राहू दे’ म्हणून एक्सबॉक्स ठेवून गेला, त्यावर आता दिवाळ्या उलटल्या.

“काका, हा डोळे झाकून घ्या. सगळ्याला चालतो,” दुकानातला मुलगा म्हणाला.

खोक्यावर यंत्रांची चित्रं ओळीनं छापलेली होती आणि त्यातल्या एका चित्राच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी होती. चांदणीचा अर्थ खोक्याच्या तळाशी. मी चष्मा कपाळावर चढवला, खोकं नाकाला लावलं, तेव्हा कुठे वाचता आलं : फक्त वायरने. “ते काय नसतं काका,” मुलगा म्हणाला. या धंद्यात जे काय असतं ते त्या चांदणीखालीच असतं, हे त्यालाही ठाऊक असावं, कारण त्यानं लगेच दुसरा पत्ता टाकला, ‘सेव्हन पॉइंट वन’. सात बाजूंनी आवाज! प्रत्यक्षात अशा बहुतेक हेडसेटांत दर कानाला एकच स्पीकर असतो; बाकीच्या बाजू सॉफ्टवेअर भासवतं, आणि ते सॉफ्टवेअर बहुधा पीसीवरच चालतं. कडेनं लागणाऱ्या लाल-निळ्या दिव्यांबद्दल मी काही बोलणार नाही. ज्याच्या डोक्यावर ते असतात त्याला ते दिसत नाहीत, बॅटरी मात्र खातात.

“ब्लूटूथ आहे ना, मग अडतंय कुठे?” बायकोचा प्रश्न.

अडतं ते तिथेच. पीएस-५ आणि एक्सबॉक्स, दोघंही साधा ब्लूटूथ हेडसेट थेट जोडून घेत नाहीत. स्विचही आधी घेत नव्हता. २०२१ सालच्या अपडेटनंतर घेऊ लागला, पण ब्लूटूथच्या माइकला परवानगी नाही. म्हणजे सगळं ऐकायचं, उलट बोलायचं नाही. बायकोला हे यंत्र मनापासून आवडलं. फोनवर ब्लूटूथ चालतं, पण आवाज रेंगाळत येतो. सिनेमा बघताना फोन चित्रालाही तेवढंच थांबवून घेतो, म्हणून ते जाणवत नाही. गेममध्ये कोण कुणासाठी थांबतो? तिथे गोळी आधी लागते आणि तिचा आवाज मागाहून येतो. चिरंजीव निवर्तल्यावर त्यांना कळतं की आपल्यावर कुणी तरी गोळी झाडली होती. त्यात माइक सुरू केला की ब्लूटूथ बहुतेक वेळा फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतं आणि स्टीरिओचा मोनो होतो.

म्हणून गेमवाले डोंगल देतात. हा २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा, नखाएवढा तुकडा यूएसबीत खुपसला की आवाज जवळजवळ जागच्या जागी येतो. (वायफायचा एक पट्टा आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हेही त्याच गल्लीत राहतात.) पण डोंगलनाही घराणी असतात. प्लेस्टेशनसाठी केलेला डोंगल एक्सबॉक्सला चालत नाही. एक्सबॉक्ससाठी केलेल्या कित्येक हेडसेटांचे मात्र दोन्हीकडे चालतात. म्हणून वायरलेसच घ्यायचा असेल तर एक्सबॉक्सवाला बघावा, आणि तरीही चांदणी वाचावी.

एक्सबॉक्सचं सोवळं फार कडक. मायक्रोसॉफ्टचा परवाना नसलेला वायरलेस हेडसेट त्याला शिवूही शकत नाही. साधा यूएसबी हेडसेटही पुढच्या दारातून परत. पण त्याच्याच कंट्रोलरच्या बुडाशी ३.५ मिलिमीटरचं एक भोक आहे, आणि त्या मागच्या दारानं वायरवाला कुठलाही आला तरी जातपात कुणी विचारत नाही!

हे भोक मला या साऱ्या प्रकरणातलं एकमेव सज्जन पात्र वाटतं. त्याचा मूळपुरुष एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा खुपसून घेत बसला होता. तो पाव इंचाचा, हा त्याचा बारीक झालेला वंशज. पीएस-५च्या कंट्रोलरला ते आहे, एक्सबॉक्सच्या आहे, स्विचला आहे, लॅपटॉपला आहे. फक्त पिनवर काळ्या रेघा तीन आहेत ना, तेवढं बघावं. तीन रेघा म्हणजे चार भाग : डावा, उजवा, अर्थिंग आणि माइक. दोनच रेघा असतील तर माइकच्या नावानं शंख. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, त्यासाठी दुतोंडी वायर मिळते. माज केला तो फोनांनी. २०१६ला आयफोन ७नं भोक बुजवलं आणि मग बाकीच्यांनीही हळूहळू गिलावा केला. त्यांच्यातल्या टाइप-सीवाल्यांसाठी कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि तो दुकानातच आपल्या फोनला लावून बघावा, कारण स्वस्तातला प्रत्येक फोनला चालेलच असं नाही.

तर आम्ही वायरवाला घेतला. दुकानातल्या मुलाचा चेहरा पडला. वायरलेसच्या किमतीत असे चार आले असते. घरी आल्यावर पाचही यंत्रांना तो लागला, मेहुण्याच्या एक्सबॉक्सलासुद्धा. मला विजयी वाटत असतानाच आई म्हणाली, “टीव्हीला लागतो का रे? मला हल्ली मालिकेतलं नीट ऐकू येत नाही.”

टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. एचडीएमआय, अँटेना, यूएसबी, कोळ्याचं जाळं. भोक नाही.

शेवटी तोड चिरंजीवांनी काढली. पीएस-५वर यूट्यूब लावायचं, हेडसेट कंट्रोलरला जोडायचा, आणि कंट्रोलर आजीच्या मांडीवर. यूट्यूबवर जुन्या मालिकांचे भाग ढिगानं आहेत. आता जेवणं आटोपली की आई कानाला हेडसेट लावून बसते आणि दर भागाअखेर अंगठ्यानं पुढचा भाग लावते. कंट्रोलर तिच्याकडे, त्यामुळे युद्ध स्थगित.

“आजी, माझी टीम थांबलीये गं!”

“त्यांना म्हणावं जेवून घ्या,” आई हेडसेट न काढता, हेडसेट लावलेली माणसं बोलतात तशी, साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते. “इथे हिच्या नवऱ्याची स्मृती गेलीय.”