पन्नास केबीत माणूस बसवणे

डिजिटल फाईल पाठवली तरी ती जागची हलत नाही. पलीकडे पोचते ती तिची प्रत. पाठवताना फाईलचे तुकडे होतात, तुकड्यांना क्रमांक मिळतात, ज्याला जी वाट सापडेल तिने तो जातो आणि पलीकडे सगळे पुन्हा क्रमाने जुळतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो परत मागवला जातो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागत नाही. फाईल पाठवण्याची पहिली नियमावली 1971 मध्येच लिहून झाली. फायदे उघड आहेत: सातबारा घरबसल्या पोचतो, मूळ कागद कपाटात राहतो, प्रती हव्या तेवढ्या निघतात.

ही प्रगती भरतीच्या पोर्टलपाशी येऊन थांबते. तेथे बऱ्याचदा फोटो 20 ते 50 केबीचाच लागतो. मोबाईल सहज चार एमबीचा फोटो काढतो, म्हणजे उमेदवाराने स्वतःला ऐंशीपट आटवायचे. 51 केबीचा उमेदवार अपात्र, 19 केबीचाही अपात्र. 1.44 एमबीच्या जुन्या फ्लॉपीवर असे 28 उमेदवार मावले असते; पोर्टलला एकच जड होतो. फोटो आकसताना आधी डोळ्यांना न जाणवणारे बारकावे जातात, मग जाणवणारे: केस, भुवया, शेवटी नाक. त्याच पानावर खाली सूचना असते, की चेहरा स्पष्ट नसल्यास अर्ज बाद होईल. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक प्रवेशपत्रावरचा धुरकट ठिपका समोरच्या माणसाशी ताडून पाहतो, आणि ते जमत नाही हे आधीच ठाऊक असल्याने उमेदवाराला छापील फोटो सोबत आणायला सांगितलेले असते.

तोटे इथूनच सुरू होतात. शेवटच्या तारखेच्या रात्री मुले फाईल फुकट लहान करून देणाऱ्या कुठल्याशा साइटवर फोटो, सही, आधार कार्ड चढवतात. ती साइट कोणाची, फाईल पुसली जाते की नाही, हे कोणी विचारत नाही. उरलेली मुले सायबर कॅफेत जातात आणि त्यांची मार्कशीट तिथल्या डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’मध्ये कायमची मुक्कामाला राहते. एकदा गेलेली प्रत परत मागवता येत नाही. उद्या त्या कागदांवर कोणी कर्ज काढले, तर पोलीस ठाण्यात हेलपाटे घालायचे ते त्या मुलानेच.

आलेला फोटो लहान करणे हे सर्व्हरला सेकंदभराचेही काम नाही. ते त्याच्याकडून करून न घेता लाखो बेरोजगारांकडून करून घेणे हा निव्वळ माज आहे. परीक्षा शुल्काला मात्र कमाल मर्यादा नसते. ते कितीही मोठे असले तरी पहिल्याच फटक्यात अपलोड होते.